जादा कट्ट्याला नाही म्हणायचे कुणी?

फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपूरच्या कळमना बाजारात लाल मिरचीची आवक भरात असते. मिरची जागा खूप खाते, वजनाला मात्र हलकी. म्हणून तिच्या गाडीत प्रश्न टनांचा नसतो, उंचीचा असतो. कट्टे फाळक्याच्या वर चढतात, मग केबिनच्या टपावर येतात, दोन्ही अंगांना फुगवटा धरतो. त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर दोरखंड, आणि अशी डोक्याने जड झालेली गाडी बाजारातून पारडीकडे वळते तेव्हा चालकाला आरशात रस्त्याऐवजी पोतीच दिसतात. धान्याच्या गाडीचे याच्या उलट असते. माल फाळक्याच्या आत, बघणाऱ्याला सगळे ठीक वाटते, पण स्प्रिंगचे पाटे सपाट झालेले असतात आणि उतारावर ब्रेक दाबला की गाडी थांबायला किती घेईल याचा अंदाज फक्त सीटवर बसलेल्याला असतो. संत्र्याच्या गाडीत वजन आणि उंची दोन्ही कधीकधी बरोबर असतात, तिथे घड्याळ मानगुटीवर बसते. दिल्ली-कोलकात्याचा पहाटेचा बाजार चुकला तर भाव उतरतो. या तिन्ही गाड्या धोक्याच्या आहेत हे सर्वांत आधी चालकाला कळते, आणि ‘अशी गाडी मी नेत नाही’ म्हणण्याची ताकद बाजाराच्या आवारात सर्वांत कमी कुणाची असेल तर तीही त्याचीच. चालकांनी हिंमत दाखवावी, असा उपदेश आपण सुरक्षा सप्ताहात दरवर्षी ऐकतो. माझे म्हणणे असे की हा नकार हिमतीवर सोडण्याची बाबच नाही. तो फाटकावर, काट्याच्या पावतीवर उभा राहायला हवा आणि त्याचा भार माल भरणाऱ्याने उचलायला हवा.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ नुसार नोंदणीपत्रातल्या वजनापेक्षा जास्त भार घेऊन गाडी चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये त्यासाठी २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये अशी तरतूद आहे, म्हणजे पाच टन जादा निघाले की ३० हजार. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, हेही त्याच कलमात आहे. बाजूंना किंवा वर माल बाहेर काढणाऱ्या गाडीलाही २० हजारांचा दंड आहे. नुसता दंड घेऊन जादा भार पुढे सोडण्याची जी सोय काही राज्यांनी करून ठेवली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने परमजीत भसीन खटल्यात २००५ सालीच बेकायदा ठरवली. इतकेच नव्हे, चालक हा मालक नसेल तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने घडला असे न्यायालय गृहीत धरू शकते, असे कलम ११३ च्या चौथ्या पोटकलमात लिहिलेले आहे. तेव्हा चालकाला एकट्याला लटकवावे असा कायदा करणाऱ्यांचा हेतू नव्हता.

व्यवहारात मात्र साखळीतला शेवटचा माणूस हाती लागतो. गाडी रस्त्यात अडते तेव्हा तिथे अडत्या नसतो, खरेदीदार नसतो, बिल्टी फाडणारा ट्रान्सपोर्टर नसतो आणि बहुधा मालकही नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये जादा भाराच्या गुन्ह्यासाठी वाहन चालवण्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा असे निर्देश दिले. हेतू चांगला होता, पण तो परवाना चालकाचा. तीन महिने चूल बंद होते ती त्याची. अडत्याकडेही परवाना असतोच, १९६३ च्या बाजार समिती कायद्याखाली समितीच तो देते. त्याने गाडीत किती भरले यावरून तो परवाना अडचणीत येत नाही. जोखीम एकाकडे आणि त्या जोखमीतून सुटणारा भाड्याचा पैसा दुसऱ्याकडे, अशी वाटणी असली की जादा माल भरला जाणारच. तिथे माणसांच्या चांगुलपणाचा प्रश्न येत नाही.

मग चालक नाही का म्हणत नाही? म्हणू शकत नाही, कारण त्याची कमाई फेरीवर ठरते. गाडी उभी राहिली तर भत्ता नाही, पुढचे भाडे नाही, आणि ‘हा ड्रायव्हर कटकट्या आहे’ ही ख्याती वाडीपासून कळमन्यापर्यंत फोनवरून एका दुपारीत पोचते. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये दहा शहरांतल्या बाराशेहून अधिक ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसाला सरासरी सुमारे बारा तास गाडी चालवणे, थकवा किंवा झोप असतानाही गाडी हाकणारे जवळपास निम्मे, आणि नातलगांनी या धंद्यात येऊ नये असे सांगणारे ८४ टक्के, असे चित्र तिच्यातून पुढे आले. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांना लागू. आपल्याकडचे बहुतेक ट्रक एक-दोन-चार गाड्या असलेल्या मालकांचे, त्यामुळे मर्यादा पुस्तकात राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो कायदा पोटात घेतला आणि उंबरठा दहा कामगारांवर नेला. त्या संहितेत जिवाला धोका वाटल्यास कामगाराने मालकाला आणि निरीक्षकाला कळवावे असे म्हटले आहे. कळवल्यावर काम थांबवायचा अधिकार त्याला आहे असे मात्र स्पष्ट म्हटलेले नाही. रात्री अकराला गाडी भरून उभी असताना निरीक्षकाला कळवायचे म्हणजे काय करायचे, हे संहिता लिहिणाऱ्यांनी एकदा कळमन्यात येऊन दाखवावे.

चालक एकत्र आले तर काय होते हे आपण जानेवारी २०२४ मध्ये पाहिले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आली, आणि १ जानेवारीला देशभर चालकांनी चाके थांबवली. मनमाडजवळच्या इंधन डेपोतले टँकर थांबले, नागपुरात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांना वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलून ‘चर्चेशिवाय कलम लागू करणार नाही’ असे सांगावे लागले, आणि त्या वर्षी १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. त्या आंदोलनाची मागणी सगळीच बरोबर होती असे मी म्हणणार नाही. धडकेनंतर पळणाऱ्याला शिक्षा हवीच. पण दोन दिवसांत दिल्ली हलवू शकणारे हेच चालक एकेकटे असताना चार कट्टे उतरवून घेऊ शकत नाहीत, ही विसंगती समजून घेण्यासारखी आहे. संप वर्षातून एकदा होऊ शकतो. गाडी रोज भरते.

आणि रोजचा नकार कसा उभा राहतो याचे उदाहरण त्याच बाजाराच्या आवारात, त्याच गाडीच्या फाळक्याशी उभे आहे: हमाल. एके काळी शंभर किलोचे पोते पाठीवर घेणे ही हमालाच्या मर्दुमकीची खूण समजली जात होती. जो घेत नाही त्याच्या जागी दुसरा तयार असे. पुण्याच्या हमाल पंचायतीने बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली आणि मुंबईकडे अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीने हा प्रश्न एकेकट्या हमालाच्या पाठीवरून काढून सगळ्या बाजाराचा केला. १९६९ चा माथाडी कायदा आला. हमालाची नोंदणी माथाडी मंडळाकडे, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची, मालक बदलला तरी हक्क कायम. पोत्याचे वजन पन्नास किलोवर आणण्याचा लढा पुढे बरीच वर्षे चालला आणि आजही काही बाजारांत त्याच्यावरून कुरबुर होते, पण नियम कुठल्या बाजूला आहे याबद्दल आता वाद नाही. पन्नास किलोच्या वरच्या पोत्याला हात न लावणाऱ्या हमालाला आज कुणी कामचुकार म्हणत नाही. त्याच पोत्यांनी भरलेली, मर्यादेपेक्षा पाच टन जड गाडी नेणार नाही म्हणणाऱ्या चालकाला मात्र तेच म्हटले जाते. एकाच ओट्यावरच्या दोन कामगारांपैकी एकाच्या पाठीचे वजन महाराष्ट्राने मोजले, दुसऱ्याच्या पाठीमागचे वजन मोजायचे राहून गेले.

यावर व्यापाऱ्यांचा पहिला आक्षेप असतो की नकाराचा अधिकार दिला तर चालक त्याचा सौदा करतील, सुरक्षेच्या नावावर जास्तीचे पैसे काढतील. काही काढतीलही. पण गाडीचे वजन ही मताची बाब नाही. दहा चाकी ट्रकची एकूण मर्यादा २०१८ च्या अधिसूचनेने २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली. गाडी काट्यावर घेतली की ती त्याच्या आत आहे की बाहेर, हे दोन मिनिटांत कळते. टायर गुळगुळीत आहे की नाही, माल फाळक्याच्या बाहेर लोंबतो की नाही, हे डोळ्यांना दिसते. मोजता येणाऱ्या कारणावरच नकार ग्राह्य धरला तर सौद्याला जागा उरत नाही. उलट आजच सौदा चालतो, फक्त तो रस्त्यात, अंधारात आणि चालकाच्या खिशातून चालतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि चालकांच्या कैवाऱ्यांना तो आवडत नाही. पुष्कळ चालक स्वतःच जादा माल मागतात. मालकाला न सांगता वाटेत दोन-चार नग चढवले की तेवढी वरकमाई होते. हे खोटे नाही. मालकच चालक असेल तर तो कुणाला नाही म्हणणार? त्याच्या डोक्यावर फायनान्स कंपनीचा हप्ता असतो, डिझेल रोखीने भरावे लागते आणि भाड्याची उरलेली रक्कम माल खाली झाल्यावर महिन्याने मिळते. अशा माणसाला मी खलनायक मानत नाही, आणि एक-दोन गाड्यांच्या मालकालाही नाही. पण फेरीवर पोट असलेल्याने जादा वजनाला दिलेला होकार हा मोकळेपणी दिलेला होकार नव्हे. शंभर किलोचे पोते उचलायला तयार असलेले हमालही होतेच, म्हणून कुणी ती मर्यादा चुकीची ठरवली नाही. नेमक्या याच कारणासाठी मी नकाराला चालकाचा निव्वळ हक्क म्हणून थांबत नाही. ज्याला नकार द्यावासा वाटत नाही, त्याचीही गाडी अडली पाहिजे.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याच्या नावाने येतो: भाडे वाढेल, ते शेवटी काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराच्या पट्टीतून कापले जाईल. सुरुवातीला टनामागे भाडे वाढेल, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. बाजारात ज्याची मान खाली त्याच्यावर खर्च ढकलला जातो, आणि शेतकऱ्याची मान खालीच असते. पण आजचे स्वस्त भाडे स्वस्त का आहे? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर भारित गाड्या फिरवून मोठी चाचणी झाली. आसावरचा भार वाढतो त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते, असा नियम तिच्यातून निघाला. आसावर वीस टक्के जास्त भार म्हणजे दुप्पट झीज, पन्नास टक्के जास्त म्हणजे पाचपट. ती झीज व्यापाऱ्याच्या हिशेबवहीत कुठेच चढत नाही. भंडारा रोडवरचे खड्डे, फुटलेले टायर, तुटलेले पाटे आणि अपघातातली माणसे या रूपाने ती इतरांकडून वसूल होते. त्या इतरांत ट्रॅक्टरने किंवा छोट्या टेम्पोने माल बाजारात आणणारा शेतकरीही आहेच. शिवाय एका गाडीत दीड गाडीचा माल कोंबला जातो तेव्हा दुसरी गाडी रिकामी उभी राहते आणि तिचा मालक पुढच्या वेळी आणखी कमी भाड्यात आणखी जास्त माल घ्यायला तयार होतो. नियम पाळणाऱ्या वाहतूकदाराला जादा भार धंद्यातून उठवतो.

घड्याळाचा प्रश्न वजनापेक्षा अवघड आहे, कारण थकव्याला काटा नाही. तरीही ‘माल उद्या पहाटे पोचलाच पाहिजे’ या वाक्यामागे बहुतेक वेळा कुठलीही कायदेशीर निकड नसते. करापुरते पाहिले तर सरकारने ई-वे बिलाला २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस दिला आहे. नागपूर-दिल्ली हे सुमारे अकराशे किलोमीटरचे अंतर सहा दिवसांत गेले तरी मिरचीचा कागद जिवंत राहतो. ताजी फळे त्या बिलातून मोकळी आहेत आणि त्यांची घाई खरी आहे हे मान्य, पण तिथे उपाय दुसऱ्या चालकाचा आहे, त्याच चालकाला जागे ठेवण्याचा नव्हे. नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्येच ट्रकचालकांना वैमानिकांसारखे ठरावीक तास असावेत असे म्हटले होते. केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, नागपूरच्या मे महिन्यात ते स्वागतार्हच आहे, तासांचे मात्र अजून जमिनीवर काही दिसत नाही. वैमानिकांची तुलना इथे कामाची आहे. डिसेंबर २०२५ मध्ये विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी पुरेसे वैमानिक नसल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. प्रवासी कंपनीवर चिडले, नियमानुसार घरी झोपलेल्या वैमानिकावर नाही. नियामकाने मग कंपनीलाच तात्पुरती सवलत दिली. दडपण वरपर्यंत काम करते, त्यामुळे ट्रकच्या केबिनपर्यंत ते किती जोराने पोचत असेल याची कल्पना करावी.

नाही म्हणून गाडी उभी करायची तर ती उभी करायला जागाही लागते. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत खुला झाला तेव्हा शेकडो किलोमीटर धड थांबा नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ त्याच रस्त्यावर थांबलेल्या ट्रकवर मिनीबस आदळून बारा जण गेले, आणि तो ट्रक भरधाव मार्गावर अडवल्याच्या आरोपावरून परिवहन खात्याच्या दोघांना अटक झाली. त्याच वर्षी खात्याने समृद्धीच्या तोंडाशी टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या. तपासणी कुठे व्हावी याचा धडा या दोन घटनांत आहे. गाडी रस्त्याला लागण्याआधी तपासली तर मालकाला ‘आरटीओने सोडली नाही’ एवढेच सांगावे लागते, चालकाची नोकरी राहते. रस्त्यात तपासली तर सगळे चालकाच्या अंगावर येते.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न दोन टोकांनी धरला आहे. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने असुरक्षित गाडी चालवायला नकार देणाऱ्या ट्रकचालकाला कामावरून काढण्यास बंदी आहे. २०१५ च्या नियमाने त्याहून पुढचे पाऊल टाकले: मालकाबरोबरच माल पाठवणारा, घेणारा आणि मधला दलाल यांनीही चालकावर नियम मोडण्यासाठी दडपण आणले तर तो गुन्हा. ऑस्ट्रेलियात जड वाहनांच्या कायद्यात माल पाठवणारा, बांधणारा, भरणारा आणि वेळापत्रक ठरवणारा हे सगळे जबाबदारीच्या एकाच साखळीत येतात. पहिली वाट आपल्याकडे फारशी चालणार नाही असे मला वाटते. ज्या चालकाकडे नेमणुकीचा कागदच नसतो, त्याने ‘मला बेकायदा काढले’ हे सिद्ध कसे करायचे? दुसरी वाट आपल्या सोयीची आहे, कारण तिच्यात चालकाला काहीच सिद्ध करावे लागत नाही. आणि तिचा अर्धा पाया इथे घातलेलाच आहे. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात नोंदणीपत्रातल्या वजनापेक्षा जास्त माल भरू नये, ही जबाबदारी वाहतूकदारावर टाकलेली आहे. तिला अडत्या आणि खरेदीदार जोडायचे बाकी आहे.

कळमन्यापुरते बोलायचे तर यासाठी संसदेची वाट पाहायला नको. बाजार आवाराला फाटके आहेत, मालाची नोंद होते, परवाने समितीच्या हातात आहेत आणि धर्मकाटे कळमन्याला नवे नाहीत. जावक फाटकावर गाडीचे वजन, नोंदणीपत्रातली मर्यादा आणि माल भरणाऱ्याचा परवाना क्रमांक या तीन गोष्टी एका पावतीवर याव्यात. मर्यादेबाहेरची गाडी आतच माल उतरवेल, उतराईची हमाली भरणाऱ्याच्या खात्यावर पडेल आणि हे वारंवार घडले तर अडत परवान्याची सुनावणी होईल. समिती म्हणेल की आवाराबाहेर गोदामात पुन्हा कट्टे चढवले तर आम्ही काय करणार. चढवतील, पण तेव्हा फाटकावरची पावती आणि रस्त्यावरचे वजन यांतला फरक कुठून आला हे चालकाला नव्हे, बिल्टीवर नाव असलेल्याला सांगावे लागेल. व्यापारी संघटना म्हणतील की गाड्यांची रांग लागेल. मिरचीच्या हंगामात ती आजही लागते, आणि दुसरा काटा बसवण्याचा खर्च एका मोठ्या अपघाताच्या भरपाईपुढे फार नाही. समितीचा यात एक स्वतःचा हिशेबही आहे, आणि खरे तर तिला हालवायला तोच पुरेसा व्हावा. बिल्टीवर कमी आणि गाडीत जास्त असा जो माल आज फाटकाबाहेर जातो, त्याचा सेस समितीला मिळत नाही.